नातीची मूठ

पारनेरजवळच्या दगडखाणीत सहादेवने जन्मभर ड्रिल मशीन धरलं. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निबर झाली आणि मशीनच्या हादऱ्यांनी हात बधिर झाले. त्याच्या खोकल्याला टीबी समजून लेकीच्या सासरच्यांनी नात जन्मल्यापासून त्याच्याकडे पाठवली नव्हती. डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कुठे तयार झाले.

लेक बाळाला घेऊन आली तेव्हा तो खाटेवर डोळे मिटून धाप आवरत होता.

“आबा, आणली बघा तुमची नात. लई दांडगी हाय,” असं म्हणत तिने त्याचं बोट बाळाच्या मुठीत दिलं. बाळाने ते घट्ट आवळलं, सोडता सोडेना.



डोळे न उघडताच सहादेव म्हणाला, “मंग हात लावू दे की, पोरी. का अजूनबी भ्या वाटतंय माझं?”