दबीरसाहेबांच्या संगणकाचे औदार्य

“माझ्या संगणकाला हात लावायचा नाही,” असे बजावून दबीरसाहेब चहाला गेले आणि नीरजा हिर्लेकर मनातल्या मनात चरफडली. रजेच्या अर्जांचे नवे सॉफ्टवेअर संध्याकाळी ग्राहकाकडे जायचे होते. त्याच्या चाचण्या कचेरीतल्या एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर वाटून आपोआप चालत. वेळेत आटोपायला एक संगणक कमी पडत होता. शिवाय बहिणीच्या लग्नासाठी तिने मागितलेली रजा साहेबांनी ‘बघू’ म्हणत लोंबकळत ठेवली होती. तेव्हा तिने निःसंकोचपणे त्यांचाही संगणक कामाला जुंपला.

चाचणी माऊसचा ताबा घेई आणि समोर येईल त्या अर्जावर ‘मंजूर’ दाबत सुटे. एरवी ते अर्ज खोटे असत. साहेब मात्र कचेरीचे खरे अर्ज पडद्यावर उघडे टाकून गेले होते.

“अहो हिर्लेकर, हा माऊस आपोआप काय पळतोय?” परतलेले साहेब किंचाळले. तोवर नीरजासकट सगळ्यांची रजा मंजूर झाली होती.

“रद्द करते, सर. कारण काय लिहू? साहेब संगणक उघडा टाकून चहाला गेले होते?”

साहेबांचा चेहरा पडला. याच गुन्ह्यासाठी त्यांनी नुकतेच एकाला घरी बसवले होते. एवढ्यात हिशेब पाहणारे जोगळेकाका हात जोडत आले. “साहेब, देवमाणूस आहात!”

“माणसाला घरदार असतं, हे मला कळतं हो,” साहेब सद्गदित होऊन म्हणाले. मग नीरजाच्या टेबलाशी वाकून कुजबुजले, “माझीही रजा अडकलीय. मोठ्या साहेबांचा संगणक कधी जोडताय?”