इंजिनाचा दिवा

टेक्सासमधल्या ओडेसाच्या तेलविहिरींवरून निवृत्त झाल्यावर व्हर्ननने हौसेने घेतलेला महागडा पिकअप दर गुरुवारी दुरुस्तीला जायचा. नाश्ता गार झाला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस गाडीबद्दल मात्र कधी कुरकुर करत नव्हता.

"इंजिनाचा दिवा लागलाय गं परत," म्हणत तो ठेवणीतले बूट चढवून शीळ घालत निघाला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, लोरीनच्या मनात पाल चुकचुकली. ती मागोमाग, गाडी दुरुस्तीला जायची त्या शोरूमवर पोचली.

काचेआड, तसलेच पिकअप घेतलेल्या चार म्हाताऱ्यांत बसून व्हर्नन डोनट खात पोट धरून हसत होता. तेलविहीर सुटल्यापासून तिने हे हसू ऐकलंच नव्हतं.

लोरीनने नाव सांगताच काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, गाडी कधीचीच तयार आहे. चावी देऊ?"

"नको," लोरीन हळूच म्हणाली. "परत एकदा बघा नीट. अजून कुठेतरी खडखडतंय."