पेटणारी बेल

साडेचार वाजले तरी लाल बल्ब पेटला नव्हता.

नीलम्मा स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होती. ओट्याच्या वर, भिंतीला लावलेला झिरोचा छोटा बल्ब. बाहेर दारावरचं बटण कोणी दाबलं की तो पेटायचा. तिला ऐकू येत नाही म्हणून संस्थेनं ही बेल बसवून दिली होती. शिवाजी पेठेतली ही माडीवरची खोलीही संस्थेनंच बघून दिलेली. अपंगांना आपलं आपण राहता यावं, अशी त्यांची योजना होती.

खोलीत येऊन अकरा दिवस झाले होते. वायरमन जोतीरामनं पहिल्या दिवशी बेल एकदा पेटवून दाखवली, त्यानंतर ती कोणी दाबलीच नव्हती. संस्थेच्या वर्षाराणीबाई सोमवारी आल्या, त्याही सवयीनं कडीच वाजवत राहिल्या आणि मग कपाळावर हात मारत दार ढकलून आत आल्या.

आज तिचा भाऊ अण्णा येणार होता, आईला, म्हणजे अव्वाला घेऊन, हुपरीहून एकच्या एस.टी.नं. तसं त्याचं पत्र होतं. नीलम्मानं उलट टपाली कळवलं होतं, दार ठोठावू नका, बटण दाबा, मला कळतं. आणि त्यांनी बटण दाबावंच म्हणून तिनं आज दाराला आतून कडी घातली होती. एकटी राहणार म्हटल्यावर अव्वा एवढंच बोलली होती, "दारात कोण मेलं तरी तुला कळायचं न्हाई." अव्वाला तो बल्ब दाखवायचा होता.

त्यांच्यासाठी केलेली हुग्गी, गव्हाची खीर, पातेल्यात गार होऊन घट्ट बसली होती.

डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. दुपारभर ती एकदाही गेली नव्हती. नीलम्माही स्टुलावरून हलली नव्हती. म्हणजे दोनच गोष्टी उरत होत्या. बल्ब गेला असेल, तर ती दोघं जिना चढून आली असतील, बटण दाबत बंद दारापुढं उभी राहिली असतील आणि परत गेली असतील. बल्ब चांगला असेल तर तसं काही घडलं नव्हतं.

बल्ब गेलेला असू दे, असं तिला वाटलं.

कडी काढून ती गॅलरीत आली. पेठेच्या टीमची मॅच होती, त्यामुळं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खाली पायरीवर तळमजल्यावरची तानाबाई मेथी निवडत बसली होती.

"मावशी, माझ्याकडं कोण आल्यालं दिसलं का?"

आपला आवाज किती मोठा निघाला हे नीलम्माला कळलं नाही. तानाबाई दचकली, त्यावरून अंदाज आला. तानाबाईनं तोंड वर केलं आणि हिला ओठ वाचता यावेत म्हणून एकेक शब्द चावून बोलली.

"मला काय ठावं? मी आत्ता आलो की मंडईतनं. आलंबी असतील, गेलंबी असतील. आन् आतनं कडी घालून बसलीस, वर मलाच इचारतीस व्हय?"

"बेल हाय की मावशी."

"तुझी बेल! वाजायची सोडून पेटती." तानाबाई हसली, मग भाजी बाजूला सारून गुडघ्यावर हात टेकत उठायला लागली. "थांब, मी येतो वर. मी बटण दाबतो, तू आत जाऊन बघ. एकटीला कसं कळंल?"

"नको, नको. गुडघं दुखत्यात तुमचं."

तानाबाई आणखी काहीतरी म्हणत होती, पण नीलम्मा वळली. पाठ फिरवली की तिच्यापुरतं बोलणं संपायचं.

तानाबाई वर आली असती, तर जे काय कळायचं ते दोघींना कळलं असतं.

तिनं बटण दाबलं आणि धावत आत गेली. बल्ब विझलेला होता. तो विझलेलाच असणार. बोट उचललं की तो विझायचा. बटण बाहेर, बल्ब आत, आणि मधे भिंत.

मग तिनं खिळ्यावरचा वेणीफणीचा आरसा काढला आणि आत, दारासमोरच्या पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला. बाहेर जाऊन बघितलं, तर त्यात कॅलेंडर दिसलं. ती आत आली, आरसा थोडा फिरवला, परत बाहेर गेली. आता पंख्याचं पातं दिसत होतं. तिसऱ्या खेपेला तिनं आरशाखाली दुमडलेलं फडकं सरकवलं. बाहेरून आरशात ओट्याची कड दिसली, तिच्यावर पालथी घातलेली तीन ताटं, आणि वर बरोबर मधोमध बल्ब.

तिनं बटणावर बोट ठेवलं. दाबायला जरा वेळ लावला.

बल्ब पेटला. जोतीरामनं दाखवला होता तसाच, दाबल्या दाबल्या, लालभडक.

नीलम्मानं बोट उचललं नाही. आरशात बल्ब पेटलेलाच राहिला. बल्बापुरतं तरी दारात कोणीतरी आलं होतं.