दहाचे थेंब

१९२८ साली सोलापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी तान्ह्या मायाक्काचे चिकटलेले डोळे तपासून कंपाउंडर रेवणप्पाला सांगितलं, “सिल्व्हर नायट्रेटचे थेंब कर, दहाचे.” डॉक्टरांच्या मनात औंसाला दहा ग्रेन होते, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. टक्क्यांतच शिकलेल्या रेवणप्पानं दहा टक्क्यांचे केले. चौपट कडक औषधानं पोरीचे डोळे भाजले, दृष्टी गेली. चूक उमगताच त्यानं धनगरवाड्यावर जाऊन तिच्या आईला सगळं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हितं येत ऱ्हावा. तिला इसरू नगा.” तेव्हापासून तो दर सोमवारी जात राहिला. मायाक्का सहा वर्षांची झाली. एकदा त्यानं हाक मारण्याआधीच ती म्हणाली, “काका, आत या की.” “कसं ओळखलंस?” त्यानं विचारलं. “बाकी समदी सरळ आत येत्यात. तुमी दारात लई येळ उभं ऱ्हाताय.”