बंद पडद्यातल्या दोघी

घोडपदेवच्या मीराबाईंचा लॅपटॉप बारा वर्षांचा होता. महिला मंडळासाठी लिहिलेल्या त्यांच्या आठही एकांकिका त्यातच होत्या. म्हणून त्याची सिस्टिम अपग्रेड करावी की नाही, यावर त्यांचं महिनाभर घोडं अडलं होतं.

रविवारी दुपारी त्यांची भाची नम्रता आली. तिने आधी सगळ्या एकांकिका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

"मावशी, आता कसलं टेन्शन? कर ना अपग्रेड."

"अगं, एवढं नवीन काहीतरी या म्हाताऱ्याला झेपायला नको?"

"तुला झेपतंय ना?"

मीराबाई खळखळून हसल्या आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत खेटून बसलेल्या दोघींचे हसरे चेहरे दिसू लागले.

"वेळ लागेल याला. मी चहा टाकते," म्हणत नम्रता आत गेली.

काचेत मात्र दोघी तशाच बसून होत्या.

मीराबाईंनी शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. काचेतली नम्रता काचेतल्या मीराबाईंच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती, आणि त्या मजेत ऐकत होत्या.

मीराबाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"मावशी, साखर किती गं?" आतून नम्रताने विचारलं.

मीराबाईंनी मांडीवरचे हात हलू दिले नाहीत. काचेतल्या मीराबाईंनी हसत हसत दोन बोटं वर केली.

"बरं, दोन चमचे," नम्रता आतून म्हणाली.