सोळा मात्रा

प्रमिलाचं बोट बासरीच्या शेवटच्या भोकावरून उठलं, तसा तुळशीदासने गिटारीच्या तारांवर तळवा टेकवला. तुकडा संपला होता.

"आज सूर फार चांगला लागला," तो म्हणाला.

"खरंच, सर?"

तो तिच्या ओठांकडेच बघत होता, म्हणून त्याला कळलं.

"खरंच."

खोटं बोलताना आता त्याची जीभ अडखळत नसे. बासरी त्याला दीड वर्षापासून ऐकू येत नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली होती. आधी उंच आवाज जातात, मग बायकांचे, मुलांचे, आणि शेवटी सगळेच. कानात घालायच्या यंत्राने फारसा फरक पडणार नव्हता. गिटारीच्या जाड तारा अजून ऐकू येत. खरं तर छातीला जाणवत. बारीक तारा त्याने बोटांच्या सवयीवर सोडून दिल्या होत्या.

तो मोखाड्याच्या शाळेत मास्तर. पहिली नेमणूक वसईला होती, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून गिटार शिकला. प्रमिला दाभोशाच्या धबधब्याजवळच्या पाड्यावरची. बाप गुरं राखताना पावा वाजवायचा, त्याच्याकडून तिने बासरी उचलली. आता ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती, जीपने पाडे पालथे घालायची. नऊ वर्षं दोघं दर रविवारी दुपारी रिकाम्या वर्गात बसत. लग्नाच्या मांडवात त्यांना कोणी बोलावत नसे. तिथे डीजे लागतो. एखादी खोली, वीसएक माणसं, माईक नाही, एवढाच त्यांचा कार्यक्रम.

तिचा नवरा गेला त्या वर्षी ती म्हणाली होती, "आठवड्यातला हा एकच तास मी जिवंत असते, सर."

ते वाक्य आठवलं की तुळशीदास गप्प बसे. आपले कान गेले हे कळलं तर ती त्याच दिवशी बासरी पिशवीत घालेल. म्हणून तो तिच्या बोटांवर नजर ठेवून साथ करी. खांदे वर गेले की ओळ सुरू, मान झुकली की संपली.

दिवाळीनंतर ती बरीच वाळली होती. एक मात्र बरं झालं होतं. पूर्वी लांब ओळीनंतर तिला धाप लागायची, दोन-दोनदा थांबावं लागायचं. आता ती अख्खा तुकडा एका दमात वाजवी.

"तब्येत सुधारली तुमची," तो म्हणाला.

"औषध लागू पडलं," ती म्हणाली आणि बासरी पुसू लागली.

माघात जव्हारच्या वाचनालयाने त्यांना बोलावलं. रविवार, दुपारचे चार. हा शेवटचा कार्यक्रम, असं तुळशीदासने मनाशी ठरवलं. जाड तारांचा आवाजही आता कापसाआडून आल्यासारखा येऊ लागला होता.

मागच्या खोलीत तो मोबाईलवरचा सूर दाखवणारा काटा बघून तारा लावत होता. उघड्या दारातून प्रमिला दिसत होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती उंबऱ्यात थांबवून काहीतरी सांगत होती. लोक मान हलवून आत जात. वाचनालयात झाडलोट करणाऱ्या सुकरीचा तर तिने हातच धरून ठेवला होता. घाबरली असेल, तुळशीदासला वाटलं.

पहिले दोन तुकडे नीट झाले. तिसरा त्याने स्वतः बांधलेला होता, मुद्दाम तिच्यासाठी. त्यात मध्ये गिटार सोळा मात्रा थांबते आणि बासरी एकटीच चालते.

त्याने तारांवर हात ठेवला. प्रमिलाचे खांदे वर गेले. तो पायाच्या अंगठ्याने मात्रा मोजू लागला आणि सहज समोर बघितलं. कोणी हलत नव्हतं. एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं, आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. भिंतीला टेकून उभी असलेली सुकरी पदराने डोळे पुसत होती. काय वाजवत असेल ही! एवढ्या वर्षांतलं तिचं सगळ्यात चांगलं वाजवणं, आणि खोलीत तेवढा तोच एक करंटा.

सोळावी मात्रा. तिची मान झुकली. त्याने तार छेडली.

शेवटी माणसं उभी राहिली. टाळ्या त्याने हातांवरून ओळखल्या. सुकरी पुढे आली आणि त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलली, "लय बेस वाजवलंत, सर."

"बाईंना सांग," तो म्हणाला.

तिने नुसती मान खाली घातली.

माणसं पांगल्यावर दोघं मागच्या खोलीत आली. तुळशीदासने गिटार भिंतीला टेकवली.

"प्रमिलाताई, आज सांगतोच. रागवा हवं तर. मला तुमची बासरी ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. छान लागला, छान लागला म्हणत आलो, ते सगळं खोटं. तुमचा तो एक तास जाऊ नये म्हणून."

ती दचकली नाही. समोरच्या खुर्चीत बसली, त्याला ओठ दिसतील एवढी जवळ सरकली आणि एकेक शब्द सुटा करत बोलली.

"मला माहीत आहे, सर. तुम्ही ओठ बघून ऐकता, हे मी केव्हाच ओळखलं होतं. दिवाळीत डॉक्टरांनी माझं फुंकणं बंद केलं. छातीत काही उरलं नाही म्हणाले. तेव्हापासून मी नुसती बोटं हलवते. आज आलेल्या सगळ्यांना मी दारातच सांगून ठेवलं होतं."