रोखीचं गिऱ्हाईक

नीलिमानं तीन वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले साठ हजार आणि पेपरातली जाहिरात इस्लामपूरच्या दुकानात काउंटरवर ठेवली. “हा साठ हजारांचा गेमिंग कॉम्प्युटर द्या.” “भावाला व्हय?” मालकानं विचारलं. “मला.” “ताई, छापलेली किंमत हप्त्यानं घेणाऱ्यांना. रोखीला आठ हजार जास्त, फायनान्सवाल्यांचं कमिशन बुडतं आमचं.” रोख मोजणाऱ्यालाच महाग? तिचं डोकं सणकलं. तरी तिनं हप्त्याचा अर्ज भरला. मोबाइलवर बघून मालक म्हणाला, “नामंजूर. तुमी आजवर एकबी कर्ज काढलं न्हाई. फायनान्सवाले भरवसा कशावर ठेवणार?” शेजारी टीव्ही, फ्रिज आणि गाडीचे हप्ते चालू असलेला माणूस चौथ्या कर्जावर सही करत होता. नीलिमानं जाहिरात उलटी करून पेन मालकापुढं सरकवलं. “लिहा. हिनं कधी कुणाचा रुपाया उसना घेतला न्हाई, म्हणून हिला कॉम्प्युटर दिला न्हाई. खाली शिक्का मारा.” मालकानं शिक्का खणात टाकला.